बर्फातली लाल फळं

१

खाबिरील म्हातारा पंधरा दिवस लेकीकडे पाहुणचार झोडून शुक्रवारी दुपारी आमच्या गावी, तारागायला परतला, घराचं कुलूप काढलं आणि दार ढकललं. दार हललं नाही. त्याने खांदा लावला. खांदा हलला, दार नाही. बाहेर उणे अठ्ठेचाळीस होतं, म्हणजे जानेवारीत असतं तेवढंच. अशा थंडीत दारं थोडीफार रुसतातच. त्याने शेजारच्या किर्गिलेयला हाक मारली. किर्गिलेय कुऱ्हाड घेऊनच आला. कुऱ्हाड लागणार हे त्याला कसं कळलं, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडला नाही.

दाराच्या वरच्या फळ्या फोडून दोघांनी आत डोकावलं.

आत बर्फ होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खिडकीच्या चौकटीला टेकलेला. विटांची चूल कमरेइतकी त्यात बुडालेली. खाटेच्या उशाकडची लाकडी फळी तेवढी वर. भिंतीवर खाबिरीलच्या दिवंगत बायकोचा फोटो होता, त्याच्या चार बोटं खाली येऊन बर्फ थांबला होता. हयातीतही तिच्या याहून जवळ जायला कुणी धजत नसे.

आणि बर्फात लाल थेंब होते. चुलीपाशी दाट, भिंतींकडे विरळ होत गेलेले.

किर्गिलेयने कुऱ्हाड खाली ठेवली. "एहे," तो हळूच म्हणाला. वडीलधाऱ्यांना आमच्याकडे एहे म्हणतात, म्हणजे आजोबा. "एहे, आत कुणी राहिलं होतं का?"

२

आमचा गावप्रमुख मेखाले दूरदृष्टीचा माणूस. रक्त म्हटल्यावर त्याने आधी पोलिसांना फोन केला. पोलिस म्हणाले, रस्ता मोकळा झाला की येऊ. रस्ता कधी मोकळा होईल ते रस्त्यालाही ठाऊक नव्हतं. मग मेखालेने बाहिलायला बोलावणं धाडलं. बाहिलाय गावच्या कबरी खोदतो.

बाहिलाय साठीचा, उंच, मितभाषी. तो समोर उभा राहिला की माणसं नकळत गुडघे थोडे वाकवतात, कारण तो आपली लांबी मोजतोय असं वाटतं. तो पहार, फावडं आणि चेहरा असा सगळा सरंजाम घेऊन आला, फोडलेल्या दारातून आत उतरला, बर्फावर गुडघे टेकले आणि एक लाल थेंब सुरीच्या टोकाने उकरून तोंडात टाकला.

दाराशी जमलेल्या बायकांतली एक मटकन खाली बसली.

"ओतोन आहे," बाहिलाय म्हणाला. "यंदा गोड निघालीत."

ओतोन म्हणजे आमच्या रानातली लाल फळं. दर घरी जमिनीखालच्या बळदात, भोजपत्राच्या डब्यांत साठवलेली असतात. खाबिरीलच्या बळदाचं झाकण चुलीशेजारी होतं. ते झाकण आता बर्फावर पडलं होतं. फळं झाकणाभोवती गोलगोल पसरली होती, तळ्यात दगड टाकल्यावर उठतात तशा वर्तुळांत.

"म्हणजे कुणी मेलेलं नाही," मेखाले म्हणाला. आवाजात सुटका होती आणि किंचित निराशाही.

"नाही," बाहिलाय म्हणाला. "पण बोलावलंच आहे, तर बघून जातो."

मेखालेला बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. "यात बघायचं काय? अर्धा डोंगर पाणी घरात ओतलंय. गावात पाण्याची गाडी एक आणि ती चालवणारी एक, कुन्नेय. खिडकीची हवेची झडप उघडी आहे, बघा. नळी तिथून घातली. वरनं पडलेलं पाणी आधी बळदात गेलं, बळद भरलं, फळं तरंगून वर आली. संपलं."

"शरदातल्या सभेत ती सगळ्यांसमोर म्हणाली होती," खाबिरील म्हणाला. "मी म्हणालो, पोरी, तुझ्या पाण्याला डिझेलचा वास येतो. तर म्हणाली, एक दिवस तुमचं घर खिडकीपर्यंत भरीन, मग बसा वास घेत. खिडकीपर्यंत. बघा कुठपर्यंत आहे."

सगळ्यांनी बघितलं. खिडकीपर्यंतच होतं.

"खालून नसेल आलं?" बाहिलायने विचारलं.

"खालून?" मेखाले हसला. "जमिनीखालचं पाणी, तारिन, ते नदीवर फुटतं, बाबा, रस्त्यावर फुटतं. या टेकाडावर चाळीस वर्षांत कधी बघितलंयस? जानेवारीत जमीन म्हणजे दगड. दगडातून पाणी येतं होय?"

"डिसेंबरात पेलागेयाची कबर खोदली, वर उतारावर. कमरेइतका दगड. त्याखाली ओली वाळू. सकाळी जाऊन बघतो, तर खड्ड्यात वीतभर पाणी. दुसरी जागा शोधावी लागली."

बाहिलाय नेहमीच कामाची रड लावतो, असं समजून कुणी लक्ष दिलं नाही.

"रविवारी सभा," मेखालेने जाहीर केलं. "गाडी तिच्याकडे ठेवायची की काढून घ्यायची, गाव ठरवेल." त्याच्यामागे त्याचा जावई उभा होता. जावयाच्या हातात गाडी चालवायचे नवे, लोकरीच्या अस्तराचे हातमोजे होते. शुक्रवारीच.

३

सभेचं इतिवृत्त मी लिहितो, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून. त्यामुळे बाहिलाय शनिवारी सकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चल, लिहायला कुणीतरी हवं. मला अक्षरं फक्त कबरीच्या फळीवर कोरता येतात."

कुन्नेय गॅरेजात गाडीखाली झोपून नळाला गरम चिंध्या गुंडाळत होती. तिशीतली, रुंद खांद्यांची बाई. गॅरेज तिच्या घराला चिकटून आहे, मधे एकच भिंत. त्या भिंतीला टेकून पलीकडे तिच्या आईचं अंथरूण. म्हातारी सहा वर्षं अंथरुणातच आहे, आणि हिवाळ्यात तिला जी ऊब मिळते ती गॅरेजच्या बंबाची, म्हणजे गावाची, म्हणजे गाडीची.

"तू म्हणालीस, घर भरीन," बाहिलायने सुरुवात केली.

"म्हणाले." ती गाडीखालून बाहेर आली नाही. "गेल्या वर्षी मेखालेला म्हणाले होते, उलटा टांगीन. तो अजून सुलटाच फिरतोय."

"गाडीत मावतं किती?"

"चार टन."

"त्या घरात?"

"काल मीही जाऊन बघून आले. चाळीसच्या खाली नाही. दहा खेपा, बाहिलायकाका. नदीवरून एक खेप दीड तासाची. आणि या पंधरा दिवसांत सत्तर घरांपैकी एकाचंही पिंप कोरडं राहिलं नाही. जाऊन विचारा. विचारणार नाही कुणी, ते वेगळं."

"नळी झडपेतून जाते?"

"जाते. या थंडीत पाच मिनिटांत तिची काठी होते. मग ती बाहेर कशी काढायची, ते मेखालेच्या जावयाला विचारा. शिकतोय ना तो."

पलीकडून भिंतीवर दोनदा ठकठक झालं. कुन्नेय सरपटत बाहेर आली, बंबात दोन लाकडं सारली आणि भिंतीला तळहात लावून बघितला.

"गाडी गेली तर एप्रिलपर्यंत तिला इथे ठेवता येणार नाही," ती म्हणाली. "आणि या थंडीत शहरापर्यंत नेताही येणार नाही. एवढंच आहे."

बाहिलायनेही भिंतीला तळहात लावला. भिंत उबदार होती. त्याने काही बोलायचं टाळलं. त्याच्या धंद्यात दिलासा दिला की लोक जास्त घाबरतात.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तिने केलेलं नाही."

"कशावरून?"

"बर्फ सगळीकडे सारखा नाहीये. बळदाच्या तोंडावर उंच, तिथून भिंतींकडे उतरत गेलेला. झडपेखाली सगळ्यात कमी. आणि फळं? झडपेतून पाणी आलं असतं, तर त्याने फळं झडपेपासून लांब ढकलली असती. ती तर झडपेकडेही निघाली होती."

"मग झडप उघडी कुणी ठेवली?"

"ज्याच्याकडे किल्ली होती त्याने," बाहिलाय म्हणाला.

४

किल्ली किर्गिलेयकडे होती. खाबिरील लेकीकडे गेला की शेजारच्या घरात रोज चूल पेटवायची, हे काम त्याचं. हे दोघे शेजारी तीस वर्षं एकमेकांचे मित्र आहेत, म्हणजे कुणाचं तळघर जास्त थंड यावरून तीस वर्षं भांडतायत. मासा तळघरातून काढून फळीवर आपटायचा. ज्याचा मासा जास्त खणखणीत वाजेल तो जिंकला. गेली चार वर्षं किर्गिलेय जिंकत होता. म्हणून खाबिरीलने ऑगस्टात घराच्या खालच्या अंगाला, कुंपणालगत नवं तळघर खणलं होतं, दोन खणांचं.

किर्गिलेयने चहा ओतला, भाकरी ठेवली, गोठलेला मासा किसून ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "मी रोज चूल पेटवली."

"झडपेपाशी उभं राहून विडी ओढलीस," बाहिलाय म्हणाला. "खाली तीन थोटकं आहेत."

"घरात ओढलेली म्हाताऱ्याला चालत नाही. त्याच्या बायकोला चालत नव्हती, म्हणून फोटोसमोर अजून चालत नाही."

"पंधरा दिवस रोज पेटवलीस?"

किर्गिलेयने माशाचा तुकडा मिठात बुडवला, परत बुडवला, आणखी एकदा बुडवला. मिठाचा डोंगर झालेला तो तुकडा त्याने खाल्लाही.

"दहा," तो म्हणाला. "दहाव्या दिवशी मी चुलीत लाकडं घालत होतो. बळदाच्या झाकणावर कुणीतरी खालून धक्का दिला."

मी लिहायचं थांबलो.

"एकदा नाही. धप्प. मग थांबून परत धप्प. मग जमिनीत बंदूक उडाल्यासारखा आवाज. मी निघालो ते घरी येऊन दार लावलं. कुणाला सांगणार? नवीन वर्षाला बायकोसमोर दारू सोडलीय. खाली कुणीतरी ठोठावतंय म्हटलं असतं, तर तिने माझं तोंड हुंगलं असतं."

"हुंगून काय मिळालं असतं?"

"ते विचारू नकोस," किर्गिलेय म्हणाला.

"पाच दिवस त्या घरातून धूर नव्हता. गावाने बघितलं नाही?"

"सगळ्यांनी बघितलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला माहीत असेल." मग तो एकदम उसळला. "आणि फक्त चूलच नव्हती माझ्यामागे. त्याचं अंगणही झाडायला लावलं होतं मला. चुलीला गेलो नाही, पण झाडलं, परवापर्यंत झाडलं, कारण ते बाहेरून असतं. माझ्याच विरोधात मलाच झाडायला लावतो."

बाहिलायचा चहाचा कप वाटेत थांबला.

"झाडायचं काय?" त्याने विचारलं.

५

घराच्या खालच्या अंगाला कुंपणालगत, नव्या तळघराभोवती, चाळीस पावलं लांब आणि सहा पावलं रुंद असा पट्टा होता, काळाभोर. यंदा ऑक्टोबरातच मांडीइतकं हिम पडलं होतं. सगळं टेकाड पांढऱ्या दुलईखाली होतं आणि हा पट्टा मात्र उघडा, खराट्याने घासून लख्ख केलेला. बाहिलायने पहार उचलून मधोमध मारली. पहार वाजली आणि त्याचे हात झिणझिणले.

मग तो पट्ट्याच्या वर, घराच्या बाजूला गेला. तिथल्या हिमाखाली जमीन फुगली होती, भाकरी तव्यावर फुगते तशी. कुंपणाचे तीन खांब वर सरकून म्हाताऱ्याच्या दातांसारखे तिरपे झाले होते. फुगवट्यावर एक भेग होती. बाहिलाय पोटावर झोपला आणि त्याने भेगेला कान लावला. एवढा वेळ त्याने जमिनीला कान लावलेला मी कधी बघितला नव्हता. त्याच्या पेशात उलट बाजूने आवाज येत नाही.

"काय ऐकू येतंय?"

"रविवारी सांगतो." तो उठून अंग झटकत म्हणाला. "आधी म्हाताऱ्याला चहा पाजायचाय."

घरातल्या बर्फाचा परातभर तुकडा फोडून तो मेखालेच्या घरी घेऊन गेला. खाबिरील तिथेच उतरला होता. बाहिलायने बर्फ वितळवला. पाणी तांबूस निघालं, तळाशी गवताची मुळं आणि चिमूटभर वाळू. त्याने ते गाळलं, उकळलं, चहा केला, दूध घातलं आणि कप खाबिरीलपुढे ठेवला. मेखाले आणि त्याचा जावई समोरच बसले होते.

खाबिरीलने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय? खिळे उकळलेस काय?"

"पाण्याचा वास कसा आहे?"

"गंजाचा."

"डिझेलचा?"

"डिझेलचा कुठे? सांगतोय ना, गंजाचा."

"नीट बघा. कुन्नेयच्या पाण्याला डिझेलचा वास येतो, हे तुम्हीच सभेत सांगितलंय. याने लिहूनही ठेवलंय." बाहिलायने माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवली. ठेवलं होतं.

"तिच्या पाण्याला येतोच," खाबिरील ठामपणे म्हणाला. "दर खेपेला येतो. मला फसवता येत नाही."

"हा तुमच्या घरातला बर्फ आहे, एहे."

खाबिरीलने कपात बघितलं. त्याला आता दोनच वाटा होत्या. बर्फ कुन्नेयचा नाही असं म्हणायचं, किंवा तिच्या पाण्याला कधीच वास नव्हता असं म्हणायचं. चौऱ्याहत्तर वर्षांत त्याने आपलं म्हणणं एकदाही मागे घेतलं नव्हतं.

"मग कुणी केलं?" त्याने विचारलं.

"उद्या तुमच्या कुंपणापाशी या," बाहिलाय म्हणाला. "पहार मी आणतो."

जावयाने हातमोजे टेबलावरून उचलून मांडीवर घेतले.

६

रविवारी सभा क्लबात भरायची ती खाबिरीलच्या कुंपणापाशी भरली. शंभरेक माणसं, त्यांच्या तोंडच्या वाफेचा एकच ढग. कुन्नेय एका बाजूला उभी होती, एकटी. गाडी तिने मागे चालूच ठेवली होती.

बाहिलाय फुगवट्यावर चढला. "जानेवारीत जमीन म्हणजे दगड," तो म्हणाला. "मेखाले म्हणतो ते बरोबर आहे. पण दगड होताना ती वरून खाली होत जाते. आणि खोल खाली ती कायमचीच गोठलेली. दोन्हींच्या मधे एक फट राहते, ओल्या वाळूची. पेलागेयाच्या कबरीत मला लागली ती. यंदा सप्टेंबरभर पाऊस होता, सगळं पाणी त्या फटीत आहे. ते बसून राहत नाही. उतारावरून नदीकडे चालत असतं, अख्खा हिवाळा."

"मग इतकी वर्षं कुठे गेलं?" मेखालेने विचारलं.

"नदीत. हिमाच्या दुलईखाली जमीन हळू गोठते, फट उघडी राहते. दुलई काढली की गारठा थेट आत शिरतो. इथे," त्याने पहारेने काळा पट्टा दाखवला, "ऑक्टोबरपासून रोज कुणीतरी दुलई काढली. चाळीस पावलं. इथे वरचा दगड खालच्या दगडाला जाऊन मिळाला. पाण्याच्या वाटेत भिंत उभी राहिली. मागून पाणी येतच राहिलं, वरून दगड दाबतच राहिला. मग पाण्याने दुसरं दार शोधलं. या उतारावर बाकी घरं खांबांवर आहेत, त्यांच्या खालून वारा जातो. जमिनीवर बसलेलं, चाळीस वर्षं चूल पेटलेलं, खाली मऊ माती असलेलं घर एकच आहे. पाण्याने बळदाच्या झाकणावर ठोठावलं. किर्गिलेय घरात होता, पण त्याने दार उघडलं नाही."

किर्गिलेयची बायको किर्गिलेयकडे वळली. त्याने टोपी खाली ओढली.

"हे सगळं ऐकायला छान आहे," मेखाले म्हणाला. "पण पुरावा?"

"मागे सरका," बाहिलाय म्हणाला, आणि त्याने पहार भेगेत घातली. एकदा, दोनदा, पाच वेळा. सहाव्या घावाला पहार हातातून सुटली आणि तिच्यामागोमाग जमिनीतून पाणी उडालं, पुरुषभर उंच, तांबूस, वाफाळतं. ते खाली पडताना अर्धं गोठत होतं. मेखाले मागे सरकला नव्हता. त्याची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी डोक्यावरच कडक झाली. जावयाने पुढे होऊन ती काढायचा प्रयत्न केला, नव्या हातमोज्यांनी. हातमोजे टोपीला चिकटले.

गाव बराच वेळ पाण्याकडे बघत राहिलं. मग एकेक मान खाबिरीलकडे वळली, कारण दुलई कोण काढत होतं ते सगळ्यांना माहीत होतं. तो रोज सकाळी अभिमानाने झाडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा की तळघराला गारवा चारी बाजूंनी मिळाला पाहिजे.

खाबिरीलने पट्ट्याकडे बघितलं, फवाऱ्याकडे बघितलं, मग आपल्या घराकडे बघितलं. "पण तळघर," तो अखेर म्हणाला, "थंड झालंय ना?"

किर्गिलेय कुंपण ओलांडून तळघरात उतरला. मासा घेऊन वर आला, फळीवर आपटला. मासा घंटेसारखा वाजला.

"झालंय," किर्गिलेय म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

इतिवृत्तात मी लिहिलं: गाडी कुन्नेयकडे राहील. विरोधात कुणी नाही. गावप्रमुख टोपी सोडवण्यात गुंतल्यामुळे हात वर करू शकले नाहीत.

सोमवारपासून खाबिरील किर्गिलेयकडे राहायला गेला. सकाळी उठून तो छोट्या घसरगाडीवर हिम भरून आणतो आणि त्या काळ्या पट्ट्यावर पसरतो, पाय उघडे पडलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं. पुढच्या वर्षी पट्टा घराच्या वरच्या अंगाला झाडा, असं बाहिलायने त्याला सांगितलंय. पाणी घरी पोचायच्या आधी तिकडेच माळावर फुटेल आणि पोरांना घसरायला मिळेल. खाबिरील म्हणतो, विचार करू.

मंगळवारी कुन्नेयची गाडी किर्गिलेयच्या दाराशी थांबली. ती नळी घेऊन आत आली, पिंप भरलं, नळी लगेच उचलून झटकली. खाबिरील पिंपाशी आला. त्याने ओगराळं बुडवलं, नाकाशी नेलं, बराच वेळ तिथेच धरलं. मग सगळं पाणी पिऊन टाकलं, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मिशा पुसल्या.

"आज वास नाही," तो म्हणाला.

"गाडी तीच आहे, एहे," कुन्नेय म्हणाली. "पाणीही तेच."

खाबिरीलने ओगराळं परत बुडवलं.

"आईला विचारलंय म्हणून सांग," तो म्हणाला, आणि पुन्हा प्यायला.